वांगं, टोमॅटो, मिरची : एकाच भावकीतली

परसबागेत वांगी मरून गेली की त्याच वाफ्यात टोमॅटो लावायचा, असं पुष्कळ घरी चालतं. पीक बदललं, असं आपल्याला वाटतं. मातीतल्या रोगाला तसं वाटत नाही. वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा ही सगळी एकाच कुळातली.

आम्ही गटातल्या बायांनी फुलं शेजारी ठेवून पाहिली. पाच पाकळ्या बुडाशी जोडलेल्या, चांदणीसारख्या. फळ धरलं तरी फुलाखालची हिरवी टोपी देठाशी राहते. वांग्याला राहते, टोमॅटोला राहते, मिरचीलाही. नावावर मात्र जाऊ नका. मिरी आणि मिरची भावकीतल्या नाहीत!

टोमॅटोवरून शास्त्रज्ञांचंही एकमत नव्हतं. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली त्याला वांग्या-बटाट्याच्या ‘सोलॅनम’ गटात बसवलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फिलिप मिलरने तो वेगळा काढला, आणि दोनशेहून जास्त वर्षं बहुतेक पुस्तकांत तो वेगळाच राहिला. मग १९९०च्या दशकात डीएनए, म्हणजे पेशीतली वंशाची नोंद, तपासली गेली. टोमॅटो आणि बटाटा अगदी जवळचे निघाले. वांगं जरा लांबचं, मिरची आणखी लांबची, विषारी धोतरा त्याहून लांबचा. टोमॅटो पुन्हा सोलॅनममध्ये आला. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, वांगं आशियातलं, मधे एवढा समुद्र, तरी नातं लपलं नाही.

या नात्यामुळेच वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम जगतं. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने एकाच झाडावर दोन्ही फळं घेतली आहेत.

पण रोगही भावकीतच फिरतो. बटाट्यावरचा उशिराचा करपा टोमॅटोवर येतो. जिवाणूची मर तर चौघांनाही लागते. झाड हिरवंगार असतानाच एकाएकी माना टाकतं. अशा झाडाच्या खोडाचा बुडाकडचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडवून, न हलवता धरा. थोड्या वेळात दुधासारखे पांढरे दोरे खाली सुटले, तर ती जिवाणूची मर. झाड मुळासकट उपटून बाहेर काढा. त्या वाफ्यात दोन-तीन वर्षं या चौघांपैकी कुणीच नको. मका, कांदा, लसूण घ्या. तिथलं पाणी शेजारच्या वाफ्यात जाऊ देऊ नका, आणि खुरपं धुऊनच पुढे न्या.