सुदृढ देहाची नाडी

प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी मिनिटास ६० ते १०० ठोके आणि श्वसन १२ ते २० वेळा, हा पाठ प्रत्येक परिचारिकेस मुखोद्गत असतो. परंतु रायपूरच्या आंबेडकर रुग्णालयात वा एम्समध्ये नित्य व्यायाम करणारा एखादा धावपटू आला आणि त्याची नाडी ४८ भरली, तर तेवढ्यावरूनच विकाराचा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. दीर्घ अभ्यासाने बलवान झालेले हृदय प्रत्येक आकुंचनात अधिक रक्त पुढे लोटते, म्हणून त्यास थोडे ठोके पुरतात. मात्र सोबत घेरी, मूर्च्छा वा छातीत वेदना असल्यास त्याच आकड्याची तत्काळ दखल घेतली पाहिजे.

उलटपक्षी, वैशाखाच्या प्रखर उन्हातून आलेल्या याच माणसाची नाडी विसावल्यावरही ९० राहिली, तर ती कोष्टकात बसते म्हणून निर्धास्त राहू नये. त्याच्या नेहमीच्या मानाने ती जवळजवळ दुप्पट असून, शरीरातील पाणी घटल्याची, ज्वराची किंवा अंतर्गत रक्तस्रावाची ती सूचना असू शकते, आणि सुदृढ शरीर रक्तदाब बराच काळ सावरून धरीत असल्याने तो आकडाही फसवा ठरू शकतो. यास्तव परिचारिकेने पूर्वीची नोंद आवर्जून विचारावी, नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी आणि थोड्या वेळाने फेरतपासणी करावी.