रविवारच्या सूचना

ख्रिस्ती मंडळीचे वर्ष जानेवारीच्या पहिल्या तारखेला सुरू होत नाही. नाताळाच्या अगोदरचे चार रविवार मोजावेत. त्यांतला पहिला रविवार हा तिच्या वर्षाचा पाडवा होय. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर ह्या आठवड्यात कोठेतरी येतो आणि त्या दिवसापासून आगमनकाळास आरंभ होतो. व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीच्या वहीपूजनाने फिरते, शाळेचे जूनमध्ये फिरते, तसे हे उपासनेचे वर्ष थंडीच्या तोंडाशी फिरते.

नोव्हेंबर उतरणीला लागला, की मराठी मंडळीच्या उपासनेतला एक लहानसा भाग एकाएकी लांबू लागतो. हा भाग सूचनांचा. मंडळीचे चिटणीस उभे राहतात, खिशातून घडी घातलेला कागद काढतात आणि वाचू लागतात. पुढच्या बाकांवरची मुले चुळबुळ करतात, मागच्या बाकांवरची प्रौढ मंडळी मनातल्या मनात घरचा स्वयंपाक चढवतात. पाळकसाहेबांच्या प्रवचनाची आठवण दोन दिवस तरी राहते. सूचनांची आठवण दारापर्यंतही टिकत नाही. तरीही मंडळी जिवंत आहे की नुसती दर रविवारी भरते आहे, हे जाणून घ्यावयाचे झाल्यास प्रवचनापेक्षा ह्या कागदाकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. येत्या वर्षात ही माणसे एकत्र येऊन काय शिकणार, कोणाच्या उपयोगी पडणार आणि कोणाच्या घरी जाणार, ते सारे त्यावर लिहिलेले असते.

पहिली सूचना बहुधा गाण्याच्या तालमीची असते. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी नाताळच्या गीतांची तालीम. पेटी आणि तबला वाजविणाऱ्यांनी अर्धा तास अगोदर यावे. ही सूचना साधी दिसते, पण तिच्या मागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस उतरले, १८३१ साली मिशनने अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ठाणे केले आणि दोन वर्षांनी तेथे मंडळी स्थापन झाली. आरंभीची गीते परकीय चालींत बसविलेली होती. शब्द मराठी, परंतु श्वास इंग्रजी. दऱ्याखोऱ्यांतून आलेल्या माणसांना ती पाठ होत, पण ओठांवर राहत नसत. तो अडसर ओळखणाऱ्यांत कृष्णराव सांगळे ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांनी ह्या प्रदेशाची कीर्तनाची परंपरा उपासनेत आणली. पूर्वरंग, आख्यान, टाळ, मृदंग हे सारे घेऊन ख्रिस्तकथा सांगितली जाऊ लागली, तेव्हा भिंतीबाहेरचा श्रोताही थबकून ऐकू लागला.

त्यानंतर १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आले आणि अभंग-भजनांचा ओघ सुरू झाला. तुकोबांचे ऋण टिळकांनी कधी लपविले नाही. ‘उपासना संगीत’ हा संग्रह उघडल्यास त्यांचे नाव पुन:पुन्हा भेटते, आणि आजही मराठी मंडळीत एखादा वृद्ध सभासद पुस्तक न उघडता डोळे मिटून गातो, तेव्हा तो प्राय: टिळकांचेच पद गात असतो.

अडचण ह्यापुढची आहे. इंदूर, हैदराबाद, बडोदे अशा शहरांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील मुले हिंदी, तेलुगू, गुजराती वा इंग्रजी माध्यमातून शिकतात. घरात मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. तालमीस आलेली अशी मुलगी आजीच्या पुस्तकातील पदावर बोट ठेवते आणि शेजारणीला शब्द विचारते. काही ठिकाणी ह्यावर उपाय म्हणून पदे रोमन लिपीत लिहून वाटली जातात. तात्पुरती सोय म्हणून हे वाईट नाही. मात्र ह्याच सोयीवर थांबणे म्हणजे मुलाला चालता येत नाही म्हणून जन्मभर कडेवर घेणे होय. तालमीच्या अर्ध्या तासात पंधरा मिनिटे अक्षरवाचनाला दिली, तर दोन आगमनकाळांत हा प्रश्न बराच सुटेल.

गंमत अशी, की रोमन लिपीतली मराठी ही काही आजची युक्ती नव्हे. गोव्यात १५७९ साली आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, ते रोमन लिपीतच. कारण देवनागरीचे खिळे तेव्हा तेथे उपलब्ध नव्हते. सुमारे ११,००० ओव्यांचे हे पुराण नवख्रिस्ती गोमंतकीयांना चर्चमध्ये वाचून दाखविण्यासाठी रचले होते. आपल्या जुन्या पुराणांना मुकलेल्या माणसांना ऐकावयास काहीतरी हवे, ही त्यांची निकड ह्या परदेशी धर्मगुरूने जाणली आणि ती पोथी लिहून भागविली. पुढे १६८४ साली पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले. तरीही पोथी नष्ट झाली नाही.

दुसरी सूचना रविवारच्या शाळेची. उपासनेपूर्वी तासभर लहान मुलांचे वर्ग, मार्चमध्ये परीक्षा, पाठांतरास बक्षिसे. ह्या शाळेचा उगमच मुळी गरजेतून झाला आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स ह्यांनी १७८० साली ती चालविली, तेव्हा सहा दिवस कारखान्यात राबणाऱ्या पोरांना अक्षरओळख होण्यास सातवा दिवसच काय तो उरलेला होता. धर्मशिक्षण आणि अक्षरशिक्षण तेथे हातात हात घालून चालत. मराठी मुलुखातही तसेच घडले. सिंथिया फेरार ह्या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आल्या, नंतर अहमदनगरास गेल्या आणि तेथील मुलींच्या शाळांत त्यांनी आयुष्य वेचले. त्याच गावी १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाले. धर्मवार्तेबरोबर विज्ञान, भूगोल आणि समाजसुधारणा ह्यांची चर्चा करणारे हे नियतकालिक मराठी पत्रसृष्टीच्या बालपणीचे एक साक्षीदार आहे.

पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्तिसदनात ह्या शिक्षणाची मर्यादाच ओलांडली. दुष्काळातून वाचविलेल्या मुली तेथे वाचावयास शिकल्या, सूत कातावयास शिकल्या, आणि छापखान्यात खिळे जुळवावयासही शिकल्या. स्वत: रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा आत्मसात करून समग्र बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, १९२२ साली त्यांचे देहावसान झाले, तेव्हा ते पुरे झालेले होते. रविवारच्या शाळेतील बाईंना वर्ग सांभाळताना दमल्यासारखे वाटले, तर केडगावच्या छापखान्यातील त्या मुलींचे स्मरण त्यांनी करावे. निवृत्त शिक्षिकांनी मंडळीत एवढा एक तास दिला तरी पुष्कळ वर्ग बंद पडावयाचे राहतील. बहुतेक ठिकाणी मुलांची उणीव नसते, शिकविणाऱ्यांची असते.

प्रौढांनी शिकण्याचे वय संपले, असे मानण्याचेही कारण नाही. लक्ष्मीबाई टिळक ह्यांना बालपणी शाळा मिळाली नव्हती. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी आत्मचरित्राला त्यांनी त्याचे आजचे स्थान मिळवून दिले. पतीच्या पश्चात अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पूर्ण केले. गुरुवारच्या शास्त्राभ्यासास येणाऱ्या आजीबाई संकोचून मागे बसतात. त्यांना पुढे बसवावे.

तिसरी सूचना प्रार्थनेच्या आठवड्याची. जानेवारीच्या प्रारंभी अनेक मंडळ्यांत हा सप्ताह पाळला जातो आणि पुष्कळांना ही चाल विलायतेहून आली असे वाटते. वस्तुत: तिचे मूळ पंजाबात आहे. लुधियाना येथील मिशनने १८५८ साली जगभरच्या मंडळ्यांना पत्र पाठविले, आणि १८६० च्या जानेवारीत हा सप्ताह प्रथम पाळला गेला. फेब्रुवारी वा मार्चमध्ये राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ लागतो. रविवार वगळून तो चाळीस दिवसांचा असतो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन येतो. त्या दिवशीची उपासना दरवर्षी निराळ्या देशातील स्त्रिया लिहितात. एखाद्या दूरच्या बेटावरील कोळिणींचे दु:ख बेळगावातील बायका मराठीतून वाचतात, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि आता सेवेची सूचना. ही वाचताना चिटणिसांचा आवाज किंचित खाली येतो, कारण तिच्यात पैशाचा उल्लेख असतो. गरीब निधी, आजाऱ्यांच्या भेटीची पाळी, शिष्यवृत्ती निधी. ह्यांपैकी शेवटच्या निधीचे महत्त्व बाहेरच्यांना सहसा कळत नाही. मराठी ख्रिस्ती समाजातील फार मोठा भाग पूर्वाश्रमीच्या महार-मांग कुळांतून आलेला आहे. हरिपंत खिस्ती ह्यांच्यासारखे ब्राह्मण कुळातले पाळक आणि गावकुसाबाहेरून आलेली ही माणसे एकाच मंडळीत प्रभुभोजनास बसली, हे एकोणिसाव्या शतकात सोपे नव्हते. परंतु समाजाने त्यांची पूर्वीची अवहेलना विसरली नाही आणि कायद्याने मात्र ती विसरली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात प्रथम हिंदूंचाच समावेश होता. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा झाला. ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत. म्हणून शेतमजुराच्या हुशार मुलीला महाविद्यालयाची फी भरावयाची वेळ येते, तेव्हा मंडळीची ही छोटी पेटीच पुष्कळदा तिचा पहिला आधार ठरते. अहमदनगरात भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनी १९४७ साली महाविद्यालय उभे केले, तेही अशाच खेड्यापाड्यांतल्या मुलांना पुण्या-मुंबईस न जाता शिकता यावे म्हणून. आणि त्याची दारे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली राहिली.

सेवेचा अर्थ आपल्याच सभासदांची सोय असा घेतला, तर मंडळीची पतपेढी होते. विल्यम वानलेस ह्यांनी मिरजेस १८९४ साली इस्पितळ उघडले, तेव्हा येणाऱ्या रोग्याची जात वा धर्म विचारून खाट दिली गेली नाही. सगळ्या मंडळ्यांना इस्पितळ उभारता येणार नाही हे उघड आहे. परंतु सरकारी दवाखान्यात परगावाहून आलेल्या रोग्याच्या नातलगास दोन वेळची भाजी-भाकरी पोचविणे, एकाकी वृद्धाचे निवृत्तिवेतनाचे कागद भरून देणे, परीक्षेच्या दिवसांत मंदिराच्या सभागृहाचे दिवे रात्री दहापर्यंत शेजारच्या वस्तीतील मुलांसाठी जळू देणे, ह्यांस निधीपेक्षा माणसे अधिक लागतात. सभागृहे आठवड्यातील सहा दिवस कुलुपात असतात. विजेच्या बिलाची सबब सांगितली जाते. ती सबब खरी असली, तरी पुरेशी नाही.

बिलाचा प्रश्न सुटण्यासारखाही आहे. कापणीच्या सणाला शेतकरी सभासद जोंधळा, बाजरी, भोपळा, एखादी कोंबडी असे आपल्या हंगामाचे प्रथमफळ आणतात. उपासनेनंतर अंगणात लिलाव मांडला जातो. एकाने दोनशे रुपयांस घेतलेला भोपळा तो पुन्हा दान करतो, दुसरा तो तीनशेंस घेतो आणि तोही परत ठेवतो. असा एकच भोपळा अनेकदा विकला जातो आणि अखेरीस तो पाळकसाहेबांच्या घरी जाऊन पोहोचतो. शहरात शेती नाही, तेथे लोक लोणच्याच्या बरण्या, भरतकाम, घरी केलेला केक आणतात. हा सण हल्ली काही ठिकाणी पाकिटांवर भागविला जातो. पाकिटाने रक्कम कदाचित अधिक जमते. अंगणातला तो हशा मात्र जमत नाही, आणि नव्याने गावात आलेल्या कुटुंबाची ओळख त्या हशातच होत असते.

नवीन आलेल्यांसाठी एक सूचना प्रत्येक कागदावर असावी, आणि ती अनेकदा नसते. बदलीवर आलेले कारकून, शिकावयास आलेली परिचारिका, कारखान्यात लागलेला तरुण हे लोक मागच्या बाकावर बसतात आणि शेवटचे पद संपण्यापूर्वी निघून जातात. घरोघरच्या प्रार्थनासभा ह्यांच्याकरिताच उपयोगी आहेत. चाळीतल्या एका खोलीत पंधरा माणसे चटईवर बसली, की कोणालाही मागे बसता येत नाही. चहा येतो, कोणाच्या मुलाला नोकरी नाही ते कळते, कोणाला खोली हवी ते कळते. नारायण वामन टिळकांनी अखेरच्या दिवसांत मांडलेल्या ‘देवाच्या दरबारा’च्या कल्पनेत बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. तितके मोठे दार उघडणे प्रत्येक मंडळीस झेपेल असे नाही. चटईवर एका माणसाची जागा मात्र कोणत्याही खोलीत निघते.

कागदाच्या तळाशी, बहुधा पेन्सिलीने मागाहून लिहिलेल्या, दोन ओळी असतात. दृढीकरणाच्या वर्गास ज्यांना मुले पाठवावयाची असतील त्यांनी नावे आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारपर्यंत पाळकसाहेबांकडे द्यावीत. आणि नाताळच्या आदल्या रात्री घंटा वाजविण्यासाठी दोन तरुण हवे आहेत. दोरी नवी आणलेली आहे.