परमुलखाच्या शाळेतील सेवा
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त माण येथे भरलेल्या सभेतील भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी देवाचे उपकार मानावेत, मागील वर्षांचा हिशेब मांडावा आणि पंगत खोळंबणार नाही इतक्या बेताने भाषण आटोपावे, असा शिरस्ता आहे. उपकारस्तुती सकाळच्या मिस्सात झाली. हिशेब चिटणिसांनी वाचून दाखविला. तेव्हा उरलेला वेळ एका निराळ्याच विषयास द्यावा असे आम्ही योजिले आहे. हिंजवडी-माणच्या कंपन्यांत नोकरीस असलेले आपल्यातील काही तरुण-तरुणी हल्ली शिफारसपत्र मागावयास आमच्याकडे येतात. त्यांना परदेशातील एखाद्या ख्रिस्ती शाळेत, आफ्रिकेत म्हणा की पूर्वेकडील एखाद्या बेटावर म्हणा, काही महिने विनावेतन सेवा करावयाची असते. हेतू उत्तम आहे. परंतु तेथे जाऊन आपण काय करणार, असे विचारले म्हणजे बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: मुलांना इंग्रजी शिकवू, संगणक शिकवू. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. का, ते सांगतो.

परमुलखातील शाळेची गोष्ट आपणांस नवी नाही. आपण स्वयंसेवक धाडू लागण्याच्या कैक पिढ्या आधी आपलाच मुलूख कोणाचा तरी परमुलूख होता, आणि समुद्रापलीकडून आलेली माणसे आपल्या मुलांपुढे पाटी घेऊन बसत होती. त्यांपैकी कोण रुजले, कोण परत गेले आणि कोणाच्या हातून काय निपजले, हे आपण आपल्याच अंगणात पाहू शकतो. येथे आम्ही एका बाईंची हकीकत थोड्या विस्ताराने सांगणार आहो.

सिंथिया फरार यांचा जन्म अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात १७९५ साली झाला. शिक्षिकेचे काम त्या तिकडेच करीत होत्या. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा घातली होती, परंतु ती चालविणाऱ्या मिशनरी स्त्रियांना घरसंसार, आजार आणि हवा यांपुढे निभाव लागेना. म्हणून एखादी अविवाहित शिक्षिका धाडावी असे ठरले. त्या काळी अमेरिकेतून अविवाहित स्त्रीने धर्मकार्यासाठी समुद्र ओलांडणे ही जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. फरारबाई १८२७ च्या डिसेंबरात मुंबईस उतरल्या, तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते. दोन वर्षांच्या आत त्यांच्या देखरेखीखालील शाळांच्या पटावर चारशेहून अधिक मुलींची नावे लागली.

हा आकडा ऐकून टाळी वाजविण्याआधी त्या शाळांची तऱ्हा मनात आणावी. लग्न ठरले की मुलीचे नाव पटावरून उतरे, आणि लग्न लहानपणीच ठरे. मुलगी लिहावयास शिकली तर घरावर अरिष्ट येईल, असे मानणारी माणसे आळीआळीत होती. मडमेजवळ मुलगी बसविली तर बाटेल, ही धास्ती निराळीच. अशा स्थितीत बाई काय करीत? आधी मराठी शिकल्या. मग पंतोजींची कामे पाहावयाची, पट तपासावयाचा, आयाबापांच्या शंका ऐकून घ्यावयाच्या, आणि ज्या बाकावरची मुलगी आज गळाली तेथे उद्या दुसरी कशी येईल याची खटपट करावयाची. परमुलखातील शाळेत सेवा करणाराचे जीवन म्हणजे बहुतांशी हेच असते, मित्रहो. त्यात व्याख्याने थोडी, आणि हजेरीपट, पाणी, आजारपण, वाट पाहणे हे फार.

दहा वर्षांनी, १८३७ साली, प्रकृती ढासळल्यामुळे त्या मायदेशी गेल्या. परत न येण्यास एवढे कारण पुरेसे होते. कोणी बोल लावला नसता. परंतु १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या आणि या खेपेस अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, राहिल्या. तेथेच मुलींच्या शाळा चालवीत असता १८६२ च्या जानेवारीत त्यांचा अंत झाला. मधली दोन वर्षे वगळता हिशेब बत्तीस वर्षांचा होतो. जेवढे आयुष्य मायदेशी काढले होते तेवढेच पुन्हा येथे वेचले.

आता मुख्य मुद्दा. जोतीराव फुले आपल्या एका मित्रासह नगरास गेले असता त्यांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ मध्ये पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. नगरच्या शाळा पाहून आपल्या मनाने घेतले, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही फरारबाईंपाशी झाले असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. म्हणजे जे सर्वांत मोठे फळ आले ते मिशनच्या कुंपणाबाहेर आले. पुण्याच्या त्या शाळेवर मिशनची पाटी नव्हती. चालविणारी जोडी ख्रिस्ती नव्हती व पुढेही झाली नाही. आम्ही पुरोहित आहो, बाप्तिस्म्याच्या वह्या आमच्याच कपाटात असतात, तरी आम्ही हे निःशंकपणे म्हणतो की या फळाने फरारबाईंच्या सेवेचे मोल यत्किंचितही उणे होत नाही. ज्यांना परदेशी जाऊन किती आत्मे जिंकले ते मोजावयाचे आहे, त्यांनी शिफारसपत्र दुसरीकडून मिळवावे.

आमच्या मागे बसलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या मनात आले असेल की फादर आज प्रॉटेस्टंट बाईचे गुण कॅथॉलिक मंडपात का गातात. त्यांस एवढेच कळवितो की ख्रिस्ती ऐक्याविषयीचे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे फर्मान १९६४ साली निघाले, आणि विभक्त बंधूंमधील सद्गुण पाहून आनंद मानावा असाच त्याचा रोख आहे. शिवाय आपल्या घरची उदाहरणेही आहेतच. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे १५७९ साली गोव्यास आगमन झाले. त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. मध्ये सदतीस वर्षे गेली. सहा महिन्यांचे वेळापत्रक आखून आलेल्या आमच्या तरुण मित्रास हा आकडा आम्ही नेहमी ऐकवितो, आणि तो दर वेळी घड्याळाकडे पाहतो.

पुणे-मुंबईच्या कॅथॉलिक शाळांत जर्मन जेझुइटांनी दोन पिढ्या राबून जे उभारले, त्याची कथा अशी की १९१४ चे महायुद्ध पेटताच ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. कोणी नजरकैदेत पडले, कोणास स्वदेशी धाडण्यात आले. पुण्याचे सेंट व्हिन्सेंट हायस्कूल १८६७ चे, मुंबईचे सेंट झेवियर कॉलेज १८६९ चे. दोन्ही आजही चालू आहेत. परदेशी माणूस कितीही रुजला तरी परवान्यावर राहतो. एका रात्रीत आपण उठून गेलो तर उद्याचा पहिला तास कोण घेईल, हे त्याने पहिल्या दिवसापासून पाहून ठेवावे. आमच्या मते स्वयंसेवकाने मुलांपेक्षा तेथील तरुण शिक्षकाजवळ अधिक बसावे, ते याचसाठी. आणि जेथे फुकट राबणारा मिळाला म्हणून गावच्या पगारी मास्तरास घरी बसविणार असतील, तेथे मुळीच जाऊ नये. ती सेवा नव्हे. ते कोणाच्या तरी चुलीतले लाकूड ओढणे होय.

येथवर येणाऱ्यांची गोष्ट झाली. आपल्यातून तिकडे गेलेल्यांपैकी पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या, वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या, तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. कानांनी त्यांना कमी ऐकू येई. मांसाहार त्यांनी पत्करला नाही, आणि त्यावरूनही मठातील भगिनींशी पत्रव्यवहार झडला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही हा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांचे मत प्रतिकूल पडले, का तर असे केल्याने स्वदेशात त्यांची प्रतिष्ठा जाईल. रमाबाईंस याचे नवल वाटले. कारण हिंदुस्थानात त्या पुरुषांच्या सभांतून बोलल्या होत्या, आणि त्यांच्या वडिलांनी अथवा पतीने कधी हरकत घेतली नव्हती. यजमानांचा स्नेह आणि यजमानांची हुकमत एकाच ताटात वाढलेली असते, हे रमाबाईंनी तेथे अनुभवले. उपकार मानूनही त्यांनी मान तुकविली नाही. आपल्यापैकी कोणी उद्या परक्या शाळेत गेला आणि ‘तुमच्या हिताचेच सांगतो’ असे कोणी बजावू लागले, तर त्यास रमाबाईंची ही पत्रे वाचलेली असलेली बरी. आणि उलट बाजूही ध्यानात घ्यावी. तेथील मुलांस ‘तुमच्या हिताचेच’ म्हणून सांगणारे कदाचित आपणच असू.

काही व्यावहारिक गोष्टी थोडक्यात. पोलीस पडताळणीचा दाखला आम्ही मागणारच. त्यात अपमान मानू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी आयोग नेमला, त्यामागे फार दुःखाचा इतिहास आहे. बंद दाराआड मुलाबरोबर एकटे बसू नये. मुलांची छायाचित्रे काढून जगभर पाठवू नयेत. आपल्या मुलीचे चित्र कोणी परदेशी पाहुण्याने ‘गरीब बालिका’ म्हणून मिरविले तर आपणांस कसे वाटेल? सेवा करू देण्यासाठी जी मंडळी भली मोठी रक्कम मागतात, त्यांच्याकडे ती रक्कम शाळेस किती पोचते हे लेखी विचारावे. आणि तीन महिन्यांत परत यावयाचे असेल तर तसे पहिल्याच दिवशी मुलांस सांगावे. लहान मूल जीव लावते आणि मग फाटकाशी उभे राहते. त्यांतही जी मुले वसतिगृहातली, आईबापांवाचून वाढणारी, त्यांच्या बाबतीत आम्हांस अल्पमुदतीची सेवा बहुधा पसंत नाही. तेथे भांडारघर लावावे, छप्पर शाकारावे, हिशेब लिहावा. त्याचीही गरज असते.

नाताळच्या रात्री घरची आठवण येईल. आपली गाणी तेथे कोणास ठाऊक नसतील, करंज्या नसतील, आणि मिस्साची भाषा कळणार नाही. ज्यांनी आमच्या आजोबा-पणजोबांना अक्षरे शिकविली, त्यांचीही येथील पहिली नाताळची रात्र अशीच गेली असेल. त्या रात्री तेथील एखाद्या घरचे बोलावणे आले तर जावे, आणि पानात पडेल ते खावे.

शिफारसपत्र ज्यांस हवे असेल त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आम्हांस भेटावे. येताना जेथे जावयाचे त्या देशाच्या भाषेत शंभरापर्यंतचे आकडे आणि ‘तुझे नाव काय’ एवढे पाठ करून यावे. ती भाषा आम्हांस येत नाही खरी, तरी आम्ही ते म्हणवून घेणार आहो, आणि चाचरलात तर आम्हांस कळते.