यष्टींमागचा मुलगा



शाळेत क्रिकेटचा डाव मांडला की ज्याला फलंदाजी साधत नाही व गोलंदाजीही जमत नाही, अशा मुलास यष्टींमागे उभे करण्याचा प्रघात आढळतो. तो सर्वस्वी अयोग्य होय. तेथे वर्गातील सर्वांत सावध मुलगा हवा.

मुंबईने कुशल यष्टिरक्षक दिले. दादर युनियनचे माधव मंत्री त्यांपैकी एक, नरेन ताम्हाणे दुसरे. ताम्हाणे यांनी २१ कसोटी सामन्यांत ५१ बळी टिपले. त्यांत १६ यष्टिचीत! सुभाष गुप्ते यांचा चेंडू लेगब्रेक की गुगली, हे यष्टींना लागून उभे राहून मनगटावरूनच ओळखावे लागे. १९५८ साली कानपूर येथे गुप्ते यांनी वेस्ट इंडीजचे नऊ गडी १०२ धावांत बाद केले. उरलेल्या गिब्जचा झेल सुटला तो ताम्हाण्यांच्याच हातून. तेव्हा झेल सुटला म्हणून मुलाची सर्वांदेखत निर्भर्त्सना करू नये. पुढचा चेंडूही त्यालाच अडवावयाचा असतो.

बैठक चवड्यांवर असावी, बोटे जमिनीकडे. चेंडूचा टप्पा पडेपर्यंत उठू नये; पुष्कळ मुले येथेच चुकतात, आधी उठतात आणि चेंडू हाताखालून जातो. चेंडूवर हात मारू नये, तो येऊ द्यावा व हात किंचित मागे घेत झेलावा. हातमोजे नसल्यास मऊ रबरी चेंडूच वापरावा. शाळेच्या भिंतीवर आपटून परतणारा चेंडू रोज पंधरा मिनिटे झेलावयास द्यावा.