नाटकाच्या पडद्यापासून रुपेरी पडद्यापर्यंत
(स्वागताध्यक्षीय भाषण)



कऱ्हेकाठच्या या गावात आपलं मनःपूर्वक स्वागत.

हे गाव कवी मोरोपंतांचं. पन्हाळ्याला १७२९ साली जन्मलेले पंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाला बारामतीत आले आणि १७९४ साली इथंच त्यांनी देह ठेवला. एकाच रामकथेची एकशे आठ रूपं त्यांच्या नावावर सांगितली जातात. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायचे वर्णच नाहीत. म्हणजे रामाची कथा सांगायची, पण 'राम' म्हणायचं नाही! बंधनातून नवी वाट काढण्याचा यापेक्षा चांगला धडा संकल्पनाच्या विद्यार्थ्याला कुठं मिळेल? पुढे कीर्तनकारांनी पंतांची आर्या उचलली. पण ती नुसती म्हणून दाखवली नाही; तिला चाल लावली, निरूपणात योग्य जागी बसवली. कवीचा शब्द कीर्तनाच्या रंगात शिरला तो कीर्तनाचे नियम पाळून.

कलांचा संगम हा या संमेलनाचा विषय मला असा दिसतो. दोन कला शेजारी मांडल्या म्हणून संगम होत नाही. एकीच्या माणसाला दुसरीच्या कामाला हात लावावा लागतो, तिथली उमेदवारी करावी लागते.

तुकोबांची पालखी आषाढीला जाताना याच वाटेनं जाते. बारामतीचा मुक्काम, बेलवाडीचं गोल रिंगण, मग निमगाव केतकीवरून इंदापूर. त्या तुकोबांवर 'प्रभात' फिल्म कंपनीनं १९३६ साली 'संत तुकाराम' हा चित्रपट काढला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दोघं: विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. 'प्रभात'मध्ये दामले ध्वनीची बाजू सांभाळत, फत्तेलाल कलादिग्दर्शनाची. दोघंही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, आणि बाबूराव मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. छायाप्रकाशाची जाण त्यांना कुंचल्यातून आली. पण कॅमेरा हवा तेव्हा ते कुंचल्यावर विसंबले नाहीत, यंत्र उघडून, समजून घेऊन त्यांनी तो घडवला. तुकोबांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आलेले. आणि शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं एक पद आजही अनेकजण तुकोबांचाच अभंग समजून गातात. गाथा मुरवून घेतल्याशिवाय असं पद उतरत नाही.

इंदापूर तालुक्यातलं उदाहरण वेगळ्या क्षेत्रातलं आहे, तरी सांगतो. वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला, त्याचं वालचंदनगर झालं. साखरेच्या यंत्रांवर बसलेला तिथल्या कामगारांचा हात पुढे इस्रोच्या अग्निबाणांची आवरणं घडवण्यापर्यंत पोचला. साखर आणि अवकाश यांचा काय संबंध? जाड पोलाद वाकवणं, जोडणं, तपासणं हे कसब दोन्हीकडे लागतं. संगमासाठी विषय जुळावे लागत नाहीत, कसब जुळावं लागतं.

आज मात्र मला एका गोष्टीचं दुःख होतं. जाहिरातीत वारली आकृत्या येतात, मालिकेच्या शीर्षकगीतात संबळ वाजतो. पण चित्र काढणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत नसतं आणि संबळवाल्याला रेकॉर्डिंग झालं की निरोप मिळतो. याला मी देवाणघेवाण म्हणणार नाही. लोककलावंताला पहिल्या बैठकीपासून बोलवा, त्याचं म्हणणं ऐकून आराखडा बदला, मोबदला आधी ठरवा, नाव छापा.

म्हणून स्वागत समितीनं कार्यशाळांची मांडणी मुद्दाम वेगळी केली आहे. कीर्तनकार आणि ॲनिमेशनवाले एका टेबलावर बसतील, पालखीमार्गाचे छायाचित्रकार ध्वनिमुद्रकांबरोबर. व्याख्यानं कमी ठेवली आहेत आणि कामाचा वेळ वाढवला आहे.

आपली राहण्याजेवणाची सोय गावकऱ्यांनी आपुलकीनं केली आहे. काही उणं पडलं तर हक्कानं सांगा. आपणा सर्वांचं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि संमेलनाध्यक्षांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.