संगणकीय सुरक्षेत अग्रक्रमाचा प्रश्न

(शासकीय कार्यालयांतील संगणक-समन्वयकांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय मांडणारा मनुष्य संगणकशास्त्राचा जाणकार असावा, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी तसा नाही. मी कला शाखेचा पदवीधर. शब्द हेच माझे साहित्य. परंतु एका कार्यालयाच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे आले तेव्हापासून सुरक्षा-चाचण्यांचे अहवाल वाचणे हा माझ्या कामाचा भाग झाला. ते वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, या शास्त्रातील एक अत्यंत अवघड प्रश्न मुळात प्रशासकीय स्वरूपाचा आहे. काम पुष्कळ, हात थोडे आणि दिवस मोजके असताना आरंभ कोठून करावा, हा तो प्रश्न. टंचाईच्या दिवसांत पाण्याचा टँकर प्रथम कोणत्या गावी धाडावा, हे ठरविणाऱ्या तहसीलदाराला तो नवा वाटणार नाही.

सॉफ्टवेअरमधील ज्या दोषाचा लाभ घेऊन परका मनुष्य आत शिरू शकतो, त्याला आपण आज ‘छिद्र’ म्हणू. उघडकीस येणाऱ्या छिद्रांना क्रमांक देऊन त्यांची सूची ठेवण्याचे कार्य अमेरिकेतील मायटर या संस्थेने १९९९ मध्ये सुरू केले. ‘सीव्हीई’ या नावाने ती सूची ओळखली जाते. २०२४ या एका वर्षात तिच्यात सुमारे ४०,००० नोंदींची भर पडली. म्हणजे दररोज शंभराहून अधिक! आपल्यापैकी कोणीही त्या सर्व वाचणे शक्य नाही, आणि सुदैवाने त्याची आवश्यकताही नाही. कारण छिद्रांच्या वापराची शक्यता वर्तविणाऱ्या ‘फर्स्ट’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या म्हणण्यानुसार, प्रसिद्ध झालेल्या छिद्रांपैकी शंभरात जेमतेम दोन ते सात छिद्रेच हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापरल्याचे आढळते. ती दोन ते सात कोणती, हे आधी ओळखणे हीच खरी कसोटी आहे.

पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणजे मालकाच्या लेखी संमतीने केलेली घुसखोरीची चाचणी. चाचणी करणारा तज्ज्ञ चोराच्या वाटेने जातो, परंतु चोरी करीत नाही. वाट कोठून होती ते दाखवून परत येतो. छिद्रातून प्रत्यक्ष आत जाण्यासाठी जी आज्ञावली लिहावी लागते, तिला एक्स्प्लॉइट म्हणतात. काही छिद्रांसाठी ती तयार मिळते, काहींसाठी ती नव्याने रचावी लागते. आणि त्या रचनेला कधी एक दुपार पुरते, तर कधी महिना लागतो. चाचणीचा करार मात्र बहुधा दहा-पंधरा दिवसांचा असतो. तेव्हा कोणत्या छिद्रावर हे श्रम खर्च करावयाचे, याचा निर्णय पहिल्या दोन दिवसांतच घ्यावा लागतो.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण कडा उतरून गेली, आणि महाराजांनी त्या जागी बुरूज बांधविला. या कथेतील एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. संपूर्ण कड्याभोवती तट उभारला गेला नाही. जेथून मनुष्य उतरू शकतो हे सिद्ध झाले, नेमकी तीच जागा बंद झाली.

आपल्याकडे मात्र अजूनही गुणांकावर विसंबण्याची पद्धत आहे. प्रत्येक छिद्राला ० ते १० असा गुण दिला जातो. त्या मोजपट्टीला ‘सीव्हीएसएस’ म्हणतात. आजच्या पद्धतीत ९ किंवा त्याहून अधिक गुण मिळाले की ते छिद्र अतिगंभीर ठरते. अहवाल बहुधा या गुणांच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि आपणही परीक्षेच्या निकालाप्रमाणे पहिल्या पानावरचे नंबर पाहून अहवाल मिटतो. वस्तुतः हा मूळ गुण छिद्र कागदावर किती घातक आहे, एवढेच सांगतो. ते छिद्र आपल्या कार्यालयात कोठे आहे, त्याच्यापर्यंत बाहेरून पोहोचता येते काय, आणि आज कोणी त्याचा उपयोग करीत आहे काय, याविषयी तो मौन बाळगतो.

दोन उदाहरणे देतो. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचे छिद्र उघडकीस आले. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील हा दोष होता. त्यातून सर्व्हरच्या स्मृतीचा ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा कोणालाही पुन्हा पुन्हा वाचता येत असे. त्यात पासवर्ड सापडत, क्वचित गुप्त किल्लीही सापडे. त्या काळच्या मोजपट्टीने त्याला गुण मिळाले होते अवघे ५. मध्यम प्रतीचे! त्याच आठवड्यात कॅनडाच्या कर खात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक याच मार्गाने चोरीस गेले.

याच्या उलट कथा ‘ब्लूकीप’ची. मे २०१९ मध्ये विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतील हे छिद्र प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला ९.८ गुण मिळाले. आता जगभर साथ पसरणार, असा गवगवा झाला. परंतु त्याचे एक्स्प्लॉइट रचणे जिकिरीचे ठरले. संगणकाच्या स्मृतीची मांडणी अचूक माहीत नसेल, तर आत शिरण्याऐवजी यंत्रच बंद पडे. नोव्हेंबर २०१९ मध्ये काही गुन्हेगारांनी ते वापरले तेव्हा संशोधकांनी सापळा म्हणून मांडून ठेवलेली यंत्रे कोलमडू लागली, आणि त्यावरूनच हा प्रकार उघडकीस आला. छिद्र खरेच धोकादायक होते, ते बुजविणे आवश्यकच होते. पण अपेक्षित साथ आली नाही.

चाचणीच्या दृष्टीने यात एक मोठा धडा आहे. एक्स्प्लॉइटची विश्वासार्हता ही गुणांइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची असते. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘मेटास्प्लॉइट’ या प्रसिद्ध साधनसंग्रहात प्रत्येक एक्स्प्लॉइटला याच निकषावर श्रेणी दिलेली असते, आणि जे समोरची सेवा कधीही बंद पाडणार नाही, त्यालाच सर्वोच्च श्रेणी मिळते. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीमागील सर्व्हर चाचणीच्या नादात बंद पडला, तर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तो हल्ला होता की चाचणी होती, याच्याशी काय कर्तव्य?

आता ज्या घटनेने हा विषय समुद्रापलीकडून थेट आपल्या दारात आणला, तिच्याकडे वळू. विंडोजमधील फायलींच्या देवाणघेवाणीच्या यंत्रणेतील एका छिद्रावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती, म्हणजे पॅच, प्रसिद्ध केला. एप्रिलमध्ये त्या छिद्राचे तयार एक्स्प्लॉइट चोरीच्या साधनांबरोबर सर्वांसाठी खुले झाले. ज्या क्षणी हे घडले, त्या क्षणी अग्रक्रम बदलावयास हवा होता. गुण तेच राहिले, पण धोका शतपटीने वाढला. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ आले. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ विश्वस्त संस्थांपैकी किमान ८० संस्थांना त्याची झळ पोहोचली, आणि रुग्णांच्या १९,००० हून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज तेथे करण्यात आला. पॅच येऊन तेव्हा ५९ दिवस झाले होते.

त्यानंतरही जग सावध झाले नाही. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आले. युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून ते सुटले आणि मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक त्याने निकामी केले. आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाचे टर्मिनलही त्यात सापडले आणि तेथील मालाची वाहतूक खोळंबली. युक्रेनमधील हिशेबनिसाच्या टेबलापासून रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यापर्यंतचा हा प्रवास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, नॉटपेट्या केवळ त्या छिद्रावर अवलंबून नव्हते. एका यंत्रात शिरल्यावर ते तेथील पासवर्ड उचलून पुढच्या यंत्राकडे जाई. म्हणून पॅच बसविलेली यंत्रेही वाचली नाहीत. एकटे छिद्र पाहून अग्रक्रम ठरत नाही; त्याच्या पलीकडे कोणती वाट आहे, हे पाहावे लागते.

याचा अनुभव मला स्वतःला आला. ज्या संकेतस्थळाचा मी आरंभी उल्लेख केला, त्याच्या चाचणीचा अहवाल आला तेव्हा त्यात तीनशेहून अधिक नोंदी होत्या. पहिली नोंद ९.८ गुणांची. आम्ही सारे तिच्यावर तुटून पडलो. चौकशीअंती कळले की, त्या यंत्रापर्यंत त्याच खोलीतील एका संगणकाखेरीज कोठूनही पोहोचता येत नव्हते. दरम्यान, अहवालाच्या उत्तरार्धात एक साधी मध्यम प्रतीची नोंद होती: संकेतस्थळ बांधणाऱ्यांनी तयार केलेली चाचणी-प्रत इंटरनेटवर तशीच उघडी असून तिच्यातील फायलींची यादी बाहेरून दिसते. दुसऱ्या फेरीत आलेल्या तरुण तज्ज्ञाने गुणांची यादी बाजूला ठेवली आणि आम्हाला विचारले, “साहेब, तुमच्याकडची कोणती माहिती बाहेर गेली तर तुमची झोप उडेल?” आम्ही सांगितले, लाभार्थ्यांचे अर्ज, त्यांत बँक खात्यांचे क्रमांक आहेत. दुपारपर्यंत तो त्या अर्जांपाशी पोहोचला होता. चाचणी-प्रतीत विसरलेल्या एका फायलीत मुख्य माहितीकोशाचा पासवर्ड होता, आणि तो कोणी बदललेला नव्हता. एकही एक्स्प्लॉइट लिहावे लागले नाही. त्याने पडद्यावर एकच अर्ज उघडला, तोही आमच्यासमोर, आणि नाव झाकून त्याचे चित्र घेतले. त्या रात्री मला झोप आली नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

आता साधनांविषयी थोडे. नोव्हेंबर २०२१ पासून अमेरिकेची सिसा ही शासकीय संस्था प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या छिद्रांची स्वतंत्र सूची प्रसिद्ध करते. ती कोणालाही पाहता येते. फर्स्टची ‘ईपीएसएस’ ही पद्धत पुढील ३० दिवसांत एखादे छिद्र वापरले जाण्याची शक्यता किती, हे सांगते. आपल्या देशात सर्ट-इन सूचना देते. आपले सॉफ्टवेअर पहिल्या सूचीत सापडले, तर ते तत्काळ दुरुस्त करावे. त्याचे एक्स्प्लॉइट रचून दाखवा असा आग्रह धरणे म्हणजे तज्ज्ञाचे दिवस वाया घालविणे होय. ते दिवस अन्यत्र हवे आहेत. कारण आपल्या अनेक कार्यालयांतील सॉफ्टवेअर खास आपल्यासाठी घडविलेले असते. त्यातील छिद्राला सीव्हीई क्रमांक नसतो, गुण नसतात, आणि जगातील कोणतीही सूची त्याविषयी अवाक्षर काढीत नाही. माझ्या मते तज्ज्ञाच्या कौशल्याचा मोठा वाटा येथेच खर्ची पडला पाहिजे.

लेखी संमतीचा उल्लेख मी आरंभी केला, तो औपचारिकता म्हणून नव्हे. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात अप्रामाणिकपणे शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कोणती यंत्रे, कोणत्या वेळेत, आणि कोठे थांबावयाचे, हे संमतीपत्रात स्पष्ट असावे. चाचणी करताना पूर्वीच्या खऱ्या घुसखोरीच्या खुणा सापडल्या, तर सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सहा तासांच्या आत कळवावे लागते. त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर असावा, फायलीत नव्हे.

आपल्या हाती जो कोरा तक्ता दिला आहे, त्यात गुणांचा रकाना मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. पहिल्या रकान्यात आपल्या कार्यालयातील ती माहिती लिहावी, जी गेली असता नागरिकाचे नुकसान होईल. दुसऱ्यात तिच्यापर्यंत बाहेरून येणाऱ्या साऱ्या वाटा, विसरलेल्या चाचणी-प्रतींसह. दुपारच्या सत्रात हे तक्ते समोर ठेवूनच आपण तज्ज्ञांशी बोलणार आहोत. जेवणाच्या सुटीत ते भरून द्यावेत, ही विनंती.