जुनी गाडी घेताना : डिकीवाली की हौद्याची?



टोमॅटोचा पैसा हाती आला की जुनी गाडी घ्यायचं घाटतं. घरची मंडळी म्हणतात डिकीवाली मोटार, तुमच्या मनात पिकअप.

आधी माल मोजा. २० किलोचे ५० क्रेट म्हणजे १ टन. पिकअप तो एका खेपेत बाजारात पोहोचविते. मोटारीच्या डिकीत चार क्रेट कसेबसे मावतात. पण वर्षाकाठी दहा-बाराच खेपा असतील, तर भाड्याचा टेम्पोच परवडतो, हे स्पष्ट सांगतो. पिकअपला पासिंगही लागतं : ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. आणि हौद्यात वऱ्हाड बसविणं बेकायदा, बरं का!

पिकअप पाहताना रंगावर भुलू नका. गाडीखाली आडवे व्हा. चासीला वेल्डिंगचे जोड, तुटके पाटे दिसले, तर बहुधा तिनं बेसुमार ओझं वाहिलेलं असतं. माझ्या चुलतभावानं हे पाहिलं नाही. ऐन हंगामात गाडी गॅरेजात अन् माल बांधावर!

सातबारावरचा बोजा पाहता, तसा आरसी पुस्तकावरचाही पाहा. तो उतरेपर्यंत इसार देऊ नका.